हंगाम सरताना कातड्याचा भाव



दिंडोरी तालुक्यात भावाविषयी बोलायला कोणाला शिकवावे लागत नाही. द्राक्षाची पहिली तोड कोणत्या दराने गेली आणि शेवटच्या तोडीला व्यापारी दारात का फिरकला नाही, हे येथील शाळकरी पोरही सांगेल. आज मी ज्या मालाविषयी बोलणार आहे तो माल आता कायद्याने बाजारात येत नाही, आणि येऊ नये हेच योग्य आहे. तो माल म्हणजे रानातल्या जनावरांचे कातडे. मी काही विद्यापीठात शिकलेला इतिहासकार नव्हे. कामगारांच्या मजुरीचे हिशेब तपासता तपासता वाचनाची गोडी लागली, इतकेच. परंतु कातड्याच्या व्यापाराचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यात मला पुष्कळशी ओळखीची माणसे भेटली. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडतो.

प्रथम कातड्याचा हंगाम समजून घेऊ. थंड मुलखात हिवाळा आला की जनावराच्या अंगावर दुहेरी केस येतात. आत मऊ, दाट लव आणि बाहेर लांब, राठ केस. कडाक्याच्या थंडीत हे कातडे उत्तम असते. थंडी सरू लागली की जनावर अंग घासते, लांब केस तुटतात, लव सैल पडते, आणि त्याच कातड्याचा भाव उतरतो. उत्तर अमेरिकेत कोयोट नावाचे जनावर आहे. आपल्या कोल्ह्याचा तो चुलतभाऊच म्हणा. तेथील फासेकरी हिवाळाभर कोयोट धरतात आणि त्याचे कातडे विकतात. जानेवारीपर्यंतचा माल पहिल्या प्रतीचा. हंगामाच्या अखेरचा माल खालच्या प्रतीचा. यात अन्याय कोणता, असे आपण विचाराल. केस झडले तर भाव कमी होणारच. ते मलाही मान्य आहे. प्रश्न निराळा आहे. केस किती झडले हे ठरवायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. 1670 साली लंडनमध्ये हडसन्स बे कंपनी स्थापन झाली. कॅनडातील मूळ रहिवाशांकडून बीव्हर नावाच्या जलचर प्राण्याची कातडी विकत घेणे हा तिचा मुख्य धंदा होता. शिकाऱ्याला बंदूक, दारूगोळा, घोंगडी आगाऊ मिळत आणि हंगाम संपला की तो कातडी आणून उचल फेडी. हिशेबाचे नाणेही बीव्हरच्या कातड्याचेच होते. एक उत्तम कातडे म्हणजे एक एकक, आणि बाकी सर्व माल त्या मापाने मोजायचा. आता कातडे 'उत्तम' आहे की नाही हे काउंटरच्या पलीकडचा माणूस सांगणार. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात रेशमी टोप्यांची चाल आली आणि बीव्हरच्या टोप्या मागे पडल्या. जंगलातल्या शिकाऱ्याचे कसब तेच राहिले, पण त्याच्या मालाची किंमत समुद्रापलीकडच्या एका आवडीने बदलली. आमच्या काळातही तेच घडले. कॅनडा गूज नावाच्या कंपनीच्या थंडीच्या कोटांच्या टोपीला कोयोटच्या केसांची झालर असे. 2022 च्या अखेरपर्यंत असे केस वापरणे थांबवू, असे त्या कंपनीने 2021 साली जाहीर केले.

सिन्नरच्या विडी कामगार स्त्रियांना हा 'उत्तम मालाचा' न्याय मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. हजार विड्या वळून न्याव्यात, आणि कारखान्याच्या माणसाने त्यातली मूठभर बाजूला काढून 'ही छाट' म्हणावे. छाटीची मजुरी नाही. पुष्कळ ठिकाणी छाट परतही मिळत नसे. 1966 च्या विडी कामगार कायद्याने छाटीच्या तंट्यासाठी दाद मागण्याची जागा निर्माण केली. ती सहजासहजी मिळाली नाही. बायका एकत्र उभ्या राहिल्या म्हणून मिळाली. शेतकऱ्यालाही बाजार समिती मिळाली, उघड लिलाव मिळाला. त्यातही दोष आहेत, परंतु भांडायला एक जागा आहे. रानातल्या शिकाऱ्याला अशी जागा कधीच नव्हती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्याकडची हवा उष्ण. कोल्ह्याच्या किंवा खोकडाच्या अंगावर कॅनडासारखी दाट लव चढत नाही. त्यामुळे येथे कातड्याचा भाव केसांपेक्षा दुसऱ्याच गोष्टींवर ठरला. पहिली गोष्ट सरकारी इनाम. इंग्रज सरकारने वाघ, बिबटे, लांडगे यांना 'उपद्रवी' ठरवून मारणाऱ्याला इनाम लावले. मुंडके किंवा कातडे कचेरीत नेऊन दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या इनामांचे आकडे तपासले आहेत. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80,000 हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. यांतल्या प्रत्येक लांडग्याने कोणाची मेंढी नेली होती काय? ते कोणी विचारले नाही. कातडे दाखवले की गुन्हा सिद्ध झाला.

पण हे इनाम मिळवणारा माणूस कोणत्या स्थितीत होता तेही पाहा. 1878 साली शस्त्रांचा कायदा आला, म्हणजे परवान्यावाचून बंदूक नाही. त्याच साली जंगलाचा कायदा आला. 1927 च्या वन कायद्यानेही राखीव रानात नियम मोडून शिकार करणे, फासे लावणे हा गुन्हा ठरवला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे वाढत मुंबई इलाख्यापर्यंत आली, आणि फासेपारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. फासे आणि वाघूर हीच ज्यांची हत्यारे, माग काढणे हीच ज्यांची विद्या, त्यांचे चालणेबोलणेही पोलिसांच्या नोंदीत. एका हाताने सरकार कातड्याला इनाम देई आणि दुसऱ्या हाताने कातडे आणणाऱ्याला धरी. अशा माणसाने भावासाठी घासाघीस कोठे आणि कशी करावी?

दुसरी गोष्ट शिकारीचा मान. संस्थानिक आणि साहेब यांच्या शिकारीची कातडी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात जात आणि पेंढा भरून, डोळे बसवून दिवाणखान्यात परतत. भिंतीवर नाव गोळी झाडणाऱ्याचे. हाका घालणाऱ्या आणि माग दाखवणाऱ्या आदिवासींना रोजंदारी मिळाली असेल, पण पाटीवर नाव मिळाले नाही.

तिसरी गोष्ट दूरदेशची आवड. 1962 साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांनी बिबट्याच्या कातड्याचा कोट घातला, आणि तसल्या कोटांची मागणी एकदम वाढली. एका बाईच्या कोटामुळे कोठल्या तरी डोंगरात फासा पडतो, हे त्या बाईंना कदाचित ठाऊकही नसेल. पण बाजार असाच चालतो.

पुढे वारे फिरले. 1969 साली निसर्गरक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद दिल्लीत भरली, 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. गंमत अशी की, या कायद्याच्या मूळ यादीत कोल्हा आणि खोकड यांना कावळे आणि उंदीर यांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवले होते. नंतर ते संरक्षित प्राण्यांत आले. जनावर तेच, रान तेच; कागदावरचे नाव बदलले की त्याच्या कातड्याची किंमतही बदलली. इनाम होते तेव्हा बक्षीस, मागणी होती तेव्हा भाव, आणि आता तुरुंग.

हा कायदा आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात संशय नाही. कातड्याचा बाजार चालू राहिला असता तर आज वाघ चित्रातच पाहावा लागला असता. पण एखादा कारखाना बंद होतो तेव्हा आम्ही संघटनेची माणसे पहिला प्रश्न विचारतो: कामगारांचे काय? येथे तो प्रश्न विचारायला कोणी नव्हते. 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमातींचा शिक्का कायद्याने पुसला, पण लोकांच्या मनातून पुसला नाही. वीस वर्षांनी धंदाही गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने जमीन आणि वनस्पतिजन्य उपज यांवर हक्क दिले. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. ते वन्यजीवांसाठी ठीकच झाले. याच जमिनीच्या हक्कांसाठी मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी शेतकरी चालत गेले. मार्च 2023 मध्ये तर मोर्चा याच दिंडोरीतून निघाला. कसणारा माणूस मोर्चा काढू शकतो, कारण त्याच्या मागणीला नाव आहे. ज्याचा धंदाच उघड सांगता येत नाही, तो कोणत्या झेंड्याखाली चालणार? त्याला चोरून विकणे उरते. आणि चोरून विकणाऱ्याला भाव घेणाराच सांगतो, मग हंगामाची सुरुवात असो की अखेर.

हा जुना विषय आज काढण्याचे कारण आपल्या बांधावर आहे. आपल्या जिल्ह्यात बिबट्या उसात आणि बागांत वावरतो. शेळी जाते, कुत्रे जाते, कधी माणसावरही घाला पडतो. ज्याच्या घरचे गेले त्याचा संताप खरा आहे. त्याला कोणी शहाणपण शिकवू नये. परंतु 'मारा आणि बक्षीस लावा' अशी भाषा चावडीवर ऐकू येते तेव्हा मला ते दोन लाख लांडगे आठवतात. कातड्यावर किंमत लावली की गुन्हेगार जनावर आणि निरपराध जनावर यांत फरक उरत नाही, आणि पैसा शेवटी फासा लावणाऱ्याच्या हाती राहत नाही.

मग करावे काय? शेळीची भरपाई वेळेवर आणि हेलपाट्यांवाचून मिळावी, म्हणजे शेतकऱ्याला जनावराचा सूड घ्यावासा वाटणार नाही. गावाबाहेर पारध्याचे पाल पडले तर चोरीच्या संशयाआधी त्याच्या मुलाच्या शाळेची आणि जातीच्या दाखल्याची चौकशी व्हावी. आणि माग काढण्याच्या विद्येला कामाचा दर्जा मिळावा. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पाहुण्यांना रान दाखवतात, पावलांवरून जनावर ओळखून सांगतात. बिबट्याचा माग काढायला आपल्या वनखात्यालाही असे डोळे हवेत. ते डोळे बोलवावेत, मात्र बोलावण्याआधी रोज किती देणार ते ठरवून, लिहून, सर्वांसमोर वाचून दाखवावे.