बाख : कपाटांतून परत आलेलें संगीत

कलावंत गेला तरी त्याची कला मागें उरते, असें सहज म्हटलें जातें. परंतु ती उरावयाची तर कोणाला तरी ती सांभाळावी लागते. जर्मन संगीतरचनाकार योहान सेबास्टियन बाख याचें उदाहरण या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. युरोपीय संगीतांत आज ज्याला अग्रस्थान दिलें जातें, त्याच्या सर्वांत भव्य रचना मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशीं वर्षें कपाटांत पडून होत्या.

बाखचा जन्म १६८५ सालीं आयझेनाख या गांवीं झाला. घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या संगीताचा व्यवसाय चालत आलेला. दहा वर्षांचा होण्यापूर्वींच आईबाप अंतरले आणि थोरल्या भावानें त्याचा सांभाळ केला. १७२३ सालीं तो लाइपझिग शहरीं सेंट टॉमस शाळेचा संगीतप्रमुख झाला. नगरसभेला खरे पाहिजे होते ते टेलेमान व ग्राउपनर. ते न मिळाल्यामुळें ही जागा बाखकडे आली. मुलांना शिकवावें आणि गांवांतील मुख्य देवळांना संगीत पुरवावें, असें त्याचें काम होतें. पहिल्या कांहीं वर्षांत बहुतेक दर रविवारीं त्यानें नवी रचना उभी केली. आठवड्यांत लिहावयाचें, विद्यार्थ्यांनीं व घरच्या माणसांनीं नकला उतरावयाच्या, रविवारीं गावयाचें आणि कागद बांधून ठेवावयाचे, असा हा क्रम होता. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील 'पॅशन' ही ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांचें वर्णन करणारी सुमारें तीन तासांची, दोन गायकवृंदांची प्रचंड रचना याच नोकरीच्या ओघांत १७२७ सालीं निर्माण झाली.

उतारवयांत दृष्टि मंदावली. १७५० सालीं एका इंग्रज वैद्यानें दोनदां केलेली शस्त्रक्रिया फसली आणि त्याच वर्षीं २८ जुलै रोजीं बाख निवर्तला. हस्तलिखितांची वांटणी पत्नी व मुलें यांच्यांत झाली. कांहीं विकलीं गेलीं, कांहीं हरवलीं. पत्नी आन्ना माग्दालेना हिनें अखेरचे दिवस धर्मादायावर काढले. लोकांची अभिरुचिही पालटली होती. अनेक स्वरपंक्ति एकमेकींत गुंफण्याची बाखची शैली जुनाट वाटूं लागली. सोप्या, एकेरी चालींचा काळ आला. 'बाख' म्हटलें म्हणजे त्याचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल डोळ्यांपुढें येई.

जाणकारांनीं मात्र हा धागा पुरता तुटूं दिला नाहीं. बाखचें अठ्ठेचाळीस प्रस्तावना व फ्यूग यांचें पुस्तक हातोहात उतरून घेतलें जाई. बॉन शहरांत बालवयीन बीथोव्हेन त्यावरच शिकला. १७८९ सालीं लाइपझिगला आलेल्या मोझार्टनें बाखचें एक समूहगीत ऐकलें आणि त्याचे कागद मागवून घेतले. पण ही विद्या शिकणाराच्या मेजापुरती राहिली. सभागृहांत ती पोंचली नव्हती.

तें काम फेलिक्स मेंडेल्सोन या तरुणानें केलें. कुमारवयांत आजीनें त्याला मत्तय-पॅशनची एक नक्कल भेट दिली होती. ही अवघड रचना लोकांपुढें मांडण्याचें धाडस त्याचा गुरु झेल्टर यालाही होत नव्हतें. फेलिक्स व त्याचा गायक मित्र देव्हरियां यांनीं त्याचें मन वळविलें. ११ मार्च १८२९ रोजीं बर्लिनच्या गायनसंस्थेंत वीस वर्षांच्या मेंडेल्सोननें ती रचना, बरीचशी संक्षिप्त करून, सादर केली. सभागृह भरलें, कित्येकांना परत जावें लागलें. दहाच दिवसांनीं, बाखच्या जन्मदिनीं, दुसरा प्रयोग करावा लागला. पुढें १८५० सालीं लाइपझिग येथें त्याच्या समग्र रचना छापण्यासाठीं संस्था स्थापन झाली आणि तें कार्य पुरें होण्यास अर्धें शतक लागलें.

आपल्याकडे विद्या गुरूच्या कंठांतून शिष्याच्या कंठांत उतरते. परंपरा खंडित झाली कीं चीज गेली. हीच चिंता वाहून पंडित भातखंडे यांनीं घराण्यांतील चिजा मिळवून स्वरलिपींत छापल्या. बाखची कथा याहून एक पाऊल पुढें जाते. कागद राहिला तरी तो उघडून गाणारा मिळावा लागतो. आणि कागदच गेला, तर गाणारा मिळूनही उपयोग नाहीं. मार्कच्या शुभवर्तमानावर बाखनें १७३१ सालीं आणखी एक पॅशन रचली होती. तिचे शब्द आज उपलब्ध आहेत; तिचें संगीत मात्र नष्ट झालें आहे.