तारेचं घराणं

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या खुर्चीत बारा-तेरा वर्षांची मुलगी दात सरळ करायला बसते, तेव्हा तासाभरात तिच्या तोंडात निरनिराळ्या देशांच्या आणि काळांच्या वस्तू येऊन दाखल होतात. दातावर ब्रॅकेट चिकटवण्याची युक्ती रंगकामाच्या उद्योगावरून सुचलेली. बारीक, लवचीक तार अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलेली. चौकोनी खाचेचा तो इवलासा ब्रॅकेट एका हट्टी अमेरिकी दंतवैद्याने आयुष्याच्या अखेरीस आखलेला. आणि या सगळ्यांना एका ओळीत आणणारी कमान अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधली. घरी आल्यावर आजी एवढंच म्हणते, ‘क्लिप लावली का गं?’

वाकड्या दातांची खंत मात्र या सगळ्यांपेक्षा कितीतरी जुनी. आयुर्वेदाने वेड्यावाकड्या, विकट दातांना ‘कराल’ हे नाव देऊन दंतरोगांत त्यांची गणना केली आणि हा रोग बरा न होणारा ठरवला. जास्तीचा उगवलेला दात काढून टाकायला सांगितलं, पण असलेला दात हलवून जागेवर आणण्याचा विचार तिथे दिसत नाही. तो दिसतो पहिल्या शतकात, रोमच्या सेल्ससच्या ग्रंथात. दुधाचा दात पडायच्या आत मागून नवा दात आला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात योग्य जागी येईपर्यंत रोज बोटाने दाबत राहावा, असं तो लिहितो. रोज, थोडं थोडं, एकाच दिशेने. या शास्त्राचं सगळं बीज मला या एका सूचनेत दिसतं. एत्रुस्कन लोकांच्या थडग्यांत दातांभोवती सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत आणि त्यांना पुष्कळदा पहिल्या ‘क्लिपा’ म्हटलं जातं. पण त्या पट्ट्या बसवलेला नकली दात धरून ठेवायच्या. दात सरकवण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

दात सरकवण्यासाठी यंत्र केलं ते पिएर फोशारने. १७२८ साली पॅरिसमध्ये त्याचा दंतशल्यावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात घोड्याच्या नालासारखी वळवलेली, भोकं पाडलेली मौल्यवान धातूची पट्टी आहे. दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधायचे, म्हणजे ते हळूहळू तिच्या कमानीकडे ओढले जातात. मात्र फोशारला घाईही होती. कधी कधी तो दात चिमट्याने हिसका देऊन सरळ करायचा आणि शेजारच्या दातांना बांधून टाकायचा. पुढची दीडशे वर्षं या कलेत हे दोन्ही स्वभाव एकत्र नांदले: हळू ओढणारे आणि जोर लावणारे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये गंधक घालून रबर पक्कं करण्याचं पेटंट घेतलं, आणि काही वर्षांतच रबराचे तुकडे तोंडात आले. आज मुलं वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत जे इवले रबर बँड अडकवतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

जोर लावणाऱ्यांचा पराभव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवतीच्या नाजूक तंतूंच्या आवरणात तो टांगलेला असतो. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने १९०४-०५ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून दाखवलं, की दात ज्या बाजूला दाबला जातो तिथलं हाड विरघळतं आणि ज्या बाजूने सुटतो तिथे नवं हाड तयार होतं. दाब फार झाला, तर मात्र ते आवरणच चेपून निर्जीव होतं आणि दात अडतो. म्हणजे जास्त जोर लावला की काम लवकर होत नाही, उलट रखडतं. सराफ बाजारातला कारागीर सोन्याची तार एकदम लहान भोकातून ओढत नाही, क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून काढतो, तसाच हा संयम. इथे फक्त क्रम उलटा: आधी बारीक तार, मग जाड.

म्हणून उपचाराला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. डॉक्टर वेळ काढत नसतात. हाड विरघळायला आणि पुन्हा भरायला तेवढा वेळ हवा असतो. तार बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात तेही याचमुळे. त्या दिवसांत वरण-भात, खिचडी, दही-भात बरा. गालाला आतून ब्रॅकेट टोचतो, तोंड येतं. डॉक्टर देतात ते मेण टोचणाऱ्या जागी लावावं. आठवड्या-दोन आठवड्यांत गाल सरावतो.

या घराण्याचा कर्ता पुरुष एडवर्ड अँगल. जन्म १८५५, पेनसिल्व्हेनियातला. १८९९ मध्ये त्याने वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचं खालच्या दाढेशी असलेलं नातं पाहून वाकड्या दातांचे तीन वर्ग केले, आणि नाशिकचा डॉक्टर आजही केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहितो तो त्याच हिशोबाने. १९०० साली सेंट लुईसला त्याने या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. मग एकामागून एक यंत्रं. आधी दातांबाहेरून जाणारी जाड कमान. ती दात नुसते कलते करायची, मुळं मागेच राहायची. ती उणीव भरून काढायला आणखी दोन यंत्रं झाली आणि शेवटी, १९२८ मध्ये, चौकोनी खाचेचा ब्रॅकेट आणि त्यात बसणारी चौकोनी तार. चौकोनी तार खाचेत पिळली की मूळही वळतं. खाचेची रुंदी ०.०२२ इंच होती आणि जगभर ते माप अजून चालतं. दोन वर्षांनी अँगल वारला.

अँगलचा एक हट्ट होता: निसर्गाने दिलेला एकही दात काढायचा नाही. सगळे दात रांगेत बसवले की चेहरा आपोआप सुंदर होईल, असं तो मानायचा. कॅल्विन केस या दंतवैद्याने १९११ मध्ये भर सभेत त्याच्या मताला आव्हान दिलं, पण अँगलची जरब एवढी की पुढची पंचवीस वर्षं दात काढण्याची भाषा मागे पडली. मग त्याच्याच शिष्याने, चार्ल्स ट्वीडने, आपले जुने रुग्ण पुन्हा तपासले. कित्येकांचे दात परत वाकडे झालेले, ओठ पुढे आलेले. त्याने त्यातल्या अनेकांच्या चार उपदाढा काढून, पैसे न घेता उपचार पुन्हा केले. दुसरा शिष्य, ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग, स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला. बेगने गोल तारेची स्वतःची पद्धत बसवली आणि त्यासाठी आर्थर विलकॉक या धातुतज्ज्ञाने खास ताणाची पोलादी तार तयार केली. भारतातल्या अनेक दंत महाविद्यालयांत बराच काळ हीच पद्धत शिकवली जायची.

‘पण चांगले दात का काढायचे, डॉक्टर?’ हा प्रश्न घराघरातली आई विचारते. या प्रश्नावर या शास्त्रातल्या थोरांनी शंभर वर्षं वाद घातला आहे. उत्तर प्रत्येक जबड्यागणिक वेगळं असतं, म्हणूनच आधी दातांचे ठसे घेतात, पूर्ण जबड्याचा आणि बाजूने कवटीचा एक्स-रे काढतात. बाजूने मोजून घेण्याची ही पद्धत ब्रॉडबेंट या ऑर्थोडॉन्टिस्टने १९३१ मध्ये अमेरिकेत रूढ केली. या मोजमापाशिवाय कुणी दात काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं.

यापुढची सुधारणा बाहेरून आली. पूर्वी प्रत्येक दाताला पूर्ण धातूचं कडं चढवावं लागे. आता बहुधा ते दाढांपुरतं उरलं आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा मायकेल ब्युनोकोर याने पाहिलं, की रंग धातूला घट्ट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात. त्याने तेच आम्ल दाताच्या कवचाला अर्धा मिनिट लावलं. कवच सूक्ष्म खडबडीत झालं आणि राळ त्याला चिकटून बसली. दहा वर्षांत ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. दुसरीकडे विल्यम ब्यूलर हा धातुतज्ज्ञ मेरिलँडच्या नौदल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्राच्या टोकासाठी मिश्रधातू शोधत होता. निकेल आणि टायटॅनियमचा त्याचा धातू वाकवला तरी आपला आकार विसरत नव्हता. १९७० च्या आसपास आयोवाच्या जॉर्ज अँड्रिएसनने तो दातांसाठी आणला. आता पहिल्या दिवशी बसते ती तार याच जातीची: वाकड्या दातांवर वाकून बसते आणि महिनाभर हळुवारपणे स्वतः सरळ होत राहते. सेल्ससच्या बोटाचं काम ती करते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासूनचं. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ ची. नाशिकला पंचवटीतलं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय १९९१ मध्ये मिळालं, आणि १९९८ पासून तर राज्यभरातल्या दंतवैद्यकाच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठच म्हसरूळला आहे. दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत उपचार बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतो; खर्चाच्या भीतीने मुलाचा उपचार टाळण्याआधी तिथे एकदा चौकशी करावी.

आपल्या खाण्याचा विचार या परदेशी यंत्रात कुणी केलेला नाही. मिसळीच्या रश्श्यातली हळद ब्रॅकेटवरच्या पारदर्शक रबरी कड्या दोन दिवसांत पिवळ्या करते, म्हणून मुलांना राखाडी किंवा रंगीत कड्या निवडू द्याव्यात. कणीस दातांनी सोलणं, ऊस, चिक्की, कडक शेव, कच्चा पेरू यांनी ब्रॅकेट निघतो आणि उपचार लांबतो. पेरूच्या फोडी करून खाव्यात. द्राक्षं खुशाल खावीत, नंतर चूळ भरावी. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश हवाच, नाहीतर ब्रॅकेट काढल्यावर त्याच्याभोवती पांढरे डाग उरतात. ते पुसून जात नाहीत.

आणि तारा निघाल्या की काम संपलं असं समजू नका. दाताभोवतीचे तंतू जुन्या जागेची ओढ महिनोन्‌महिने सोडत नाहीत. उपचार सोडून देणाऱ्यांपेक्षा, दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर डबीत ठेवून विसरणाऱ्यांचं नुकसान मोठं, कारण दोन वर्षांची मेहनत आणि पैसा दोन्ही त्यात जातात. आईबापांनो, मुलाला सातव्या वर्षी एकदा दाखवून आणा, ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. झालेला डॉक्टर निवडा, आणि डॉक्टर सांगतील तितकी वर्षं रात्री झोपताना रिटेनर तोंडात आहे की नाही ते स्वतः पाहा.