नोंद झाली, अंमल झाला नाही: एका संथ यंत्राची नऊ वर्षे

आजचा धागा नेहमीसारखा किल्ल्यांचा किंवा तहांचा नाही. तो एका अशा दोषाविषयी आहे, ज्याने कधी कुणाचे यंत्र बंद पाडले नाही की पडद्यावर त्रुटीचा एक शब्दही उमटवला नाही. त्याने केवळ वेग खाल्ला. २००८ पासून २०१७ पर्यंत तो लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. ती संहिता सार्वजनिक आहे आणि कुणीही वाचू शकतो. तरीही तो सापडायला नऊ वर्षे का लागली, हा प्रश्न मला संगणकशास्त्राइतकाच इतिहासाचाही वाटतो.

थोडी पार्श्वभूमी. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवण्याची कल्पना आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात १९६० च्या दशकात आकाराला आली. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या अटी एका निबंधात काटेकोरपणे मांडल्या. त्यांतली पहिली अट समतुल्यतेची: आभासी यंत्रावर प्रोग्राम खऱ्या यंत्रावर वागतो तसाच वागला पाहिजे. या अटीला त्यांनी एक सवलत मात्र ठेवली होती. वेळेतला फरक क्षम्य. काम उशिरा झाले तरी समतुल्यता भंगत नाही. कार्यक्षमतेची अट वेगळी होती, पण 'बरोबर' आणि 'जलद' यांची फारकत तिथेच झाली. आपला दोष नेमका या फटीत राहिला.

आता पासथ्रूकडे येऊ. आभासी यंत्राला एरवी नकली ग्राफिक्स कार्ड दाखवले जाते. पासथ्रूमध्ये यजमान यंत्रणा खरे कार्डच पाहुण्या यंत्रणेच्या स्वाधीन करते आणि आयओएमएमयू नावाचा पहारेकरी त्या कार्डाला पाहुण्याच्या मेमरीबाहेर हात घालू देत नाही. लिनक्समध्ये २०१२ साली व्हीएफआयओ ही चौकट आली आणि हा खटाटोप घरच्या संगणकावरही शक्य झाला. लिनक्स वापरणारी, पण एखाद्या खेळासाठी किंवा डिझाइनच्या प्रोग्रामसाठी विंडोज लागणारी मंडळी याकडे वळली. कार्ड खरे, ड्रायव्हर खरा. तेव्हा वेगही जवळजवळ खराच मिळावा ही अपेक्षा रास्त होती.

इंटेलच्या प्रोसेसरवर ती पुरी होई. एएमडीच्या प्रोसेसरवर मात्र विचित्र पेच पडे. पाहुण्याच्या मेमरीचे पत्ते यजमानाच्या पत्त्यांत बदलण्याचे काम प्रोसेसरनेच करावे, यासाठी एएमडीने 'नेस्टेड पेजिंग', म्हणजे एनपीटी, ही सोय दिली होती. ती चालू ठेवली की सर्वसाधारण कामे झपाट्याने होत, पण ग्राफिक्स अडखळे. ती बंद केली की ग्राफिक्स सुरळीत, पण बाकीची कामे रखडत. कारण पत्त्यांची सगळी उलथापालथ आता सॉफ्टवेअरला करावी लागे. वापरणाऱ्यांनी दोन वाइटांतले एक निवडायचे. 'एनपीटी बंद करा' हा सल्ला मग रूढीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. रूढीमागचे कारण कुणी विचारत नाही, तसे याचेही झाले.

यंत्र संथ झाले की करायचे नेहमीचे उपाय होतेच. आभासी प्रोसेसर ठरावीक खऱ्या गाभ्यांना बांधून टाकायचे, मेमरीची पाने मोठी करायची, कार्डाच्या इंटरप्टची पद्धत बदलायची, कार्ड आणि मेमरी एकाच नूमा-विभागात आहेत ना हे पाहायचे. या सगळ्यांचा थोडाफार उपयोग होतो, आणि घोटाळा तिथेच झाला. प्रत्येक उपायाने जरासा वेग वाढे, म्हणून शोध त्याच वाटेने पुढे जाई. निम्मा खरा खुलासा संपूर्ण खोट्या खुलाशापेक्षा संशोधकाला जास्त काळ थोपवून धरतो.

आपण साक्षींची मांडणी करून पाहू. तेच कार्ड आभासी यंत्राबाहेर जलद: म्हणजे कार्ड निर्दोष. तोच ड्रायव्हर इंटेलवरच्या आभासी यंत्रात जलद: ड्रायव्हरही निर्दोष. एएमडीवर एनपीटी बंद असता ग्राफिक्स सुरळीत: पासथ्रूची व्यवस्था निर्दोष. उरली एनपीटी. मग एनपीटीच मुळात संथ आहे का? तेही नाही, कारण साधी कामे तिच्यामुळेच जलद होत होती. संशय फक्त एका जागी उरतो: एनपीटी चालू असताना पाहुणा कार्डाच्या मेमरीत लिहू लागतो तेव्हा काय घडते?

कार्डाच्या मेमरीत लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. एकेक लेखन स्वतंत्रपणे पाठवणे ही सर्वांत सावध आणि सर्वांत संथ पद्धत; प्रत्येक चिठ्ठीसाठी वेगळा जासूद धाडावा तशी. दुसरी पद्धत 'राइट कंबाइनिंग' म्हणून ओळखली जाते. हिच्यात लागोपाठची लहान लेखने प्रोसेसरमध्ये गोळा होतात आणि ६४ बाइट्सची थैली भरली की एकाच खेपेत रवाना होतात. ग्राफिक्ससाठी हीच हवी. कुठल्या पानासाठी कुठली पद्धत, हे ठरवायला प्रोसेसरमध्ये आठ कप्प्यांचा एक तक्ता असतो. त्याचे नाव पॅट. कार्यप्रणाली सुरू होताना हा तक्ता आपल्या सोयीने भरून घेते.

२००८ साली केव्हीएममध्ये एनपीटीचा आधार लिहिला गेला, तेव्हा पाहुण्याच्या पॅटसाठी एक ठाम आकडा घालून दिला होता: ०००७०४०६०००७०४०६. हा षोडशमान पद्धतीतला आकडा एखाद्या कोरीव लेखासारखा वाचता येतो, आणि गंमत म्हणजे शिलालेखांतल्या शब्दांकित शकांना लागू असलेला 'अंकांची गती डावीकडे' हा आपला जुना नियम इथेही चालतो. दोन-दोन अंकांचा एक कप्पा धरून उजवीकडून सुरुवात करा. ०६ म्हणजे साठवून मागाहून लिहिणे, ०४ म्हणजे साठवणे आणि लगेच पुढेही पाठवणे, ०७ आणि ०० हे साठवणबंदीचे दोन प्रकार. मग तेच चार कप्पे पुन्हा. राइट कंबाइनिंगचा अंक आहे ०१. तो या ओळीत कुठेच नाही.

हा आकडा चुकीचा नव्हता. प्रोसेसर चालू होताना त्यात असतो तोच हा तक्ता. चूक पुढची होती. पाहुण्याने तक्ता बदलला की केव्हीएम तो बदल नोंदवून घेई, पण प्रोसेसर ज्या रकान्यातून तक्ता वाचतो त्या रकान्यापर्यंत तो पोहोचवत नसे. पाहुण्याने नंतर विचारले, 'माझा तक्ता काय आहे?', तर त्याला त्यानेच लिहिलेला तक्ता वाचून दाखवला जाई. दप्तरी नोंद होती, अंमल नव्हता.

ज्यांनी जुनी दप्तरे चाळली आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. हुकमाची नक्कल दप्तरात सापडली म्हणजे गावात तो हुकूम पाळला गेला असे होत नाही. त्यासाठी वसुलाचा हिशेब किंवा कुणाची तरी तक्रार पाहावी लागते. इथे पाहुण्याच्या आत बसून कितीही तपासणी केली असती तरी सारे यथास्थित दिसले असते. एनपीटी बंद केल्यावर दोष नाहीसा का होई, तेही यातून उलगडते: तो रकाना प्रोसेसर फक्त एनपीटी चालू असतानाच वाचतो.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर बाजारात आले. पुष्कळ गाभे, आटोक्यातली किंमत. आभासी यंत्रांच्या शौकिनांनी ते उचलले आणि जुनी तक्रार मोठ्या आवाजात पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेफ्री मॅक्रे यांनी या संथपणाचा संबंध पॅटच्या रकान्याशी जोडून दाखवला. हे 'लुकिंग ग्लास' या प्रकल्पाचे कर्ते. पासथ्रूमधल्या कार्डाचे चित्र वेगळ्या मॉनिटरशिवाय यजमानाच्या पडद्यावर आणणारे सॉफ्टवेअर ते लिहीत होते. त्यानंतर केव्हीएमचे देखरेखकार पाओलो बॉन्झिनी यांनी दुरुस्ती लिहिली. तिचे सार एवढेच: पाहुण्याने पॅट बदलला की तो प्रोसेसरच्या रकान्यातही उतरवा. ती मोजक्या ओळींची आहे. सोबतच्या टिपणात त्यांनी वापरकर्ते अनेक वर्षे ही तक्रार करत होते हे नमूद केले, मॅक्रे यांचे आभार मानले आणि दोषाचे मूळ २००८ च्या त्या बदलात असल्याचेही नोंदवले. माझ्या मते हे टिपण एक उत्तम ऐतिहासिक साधन आहे.

नऊ वर्षांचे कारण केवळ तांत्रिक आहे असे मला वाटत नाही. सर्व्हरमध्ये पासथ्रूने दिली जातात ती बहुधा नेटवर्क कार्डे आणि डिस्कचे नियंत्रक. ती आपली मोठी देवघेव मेमरीतून स्वतःच करतात. प्रोसेसरने त्यांच्या मेमरीत भराभर लिहिण्याचा प्रसंग फार कमी. त्यामुळे ज्यांच्या तक्रारीला वजन होते, त्यांना हा दोष जवळपास जाणवलाच नाही. जाणवला तो घरी बसून खेळ खेळू पाहणाऱ्यांना, आणि त्यांच्या साक्षीला 'तुमची मांडणी चुकली असेल' हे उत्तर नेहमीच तयार असे. उत्तर देणाऱ्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. बहुतेक वेळा मांडणी खरोखरच चुकलेली असते.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. बखरींच्या नकला होताना मूळ प्रसंग मागे पडतो आणि नकलकाराची ओळ टिकून राहते. एनपीटी बंद करणारी ओळही अशीच सेटिंगमधून सेटिंगमध्ये उतरत आलेली असू शकते. तुमच्या एएमडी यंत्रावरचे आभासी विंडोज आज ग्राफिक्समध्ये ठीक आणि बाकी सगळ्यात रखडत असेल, तर नवे प्रोसेसर घेण्याआधी केव्हीएम-एएमडी मॉड्यूलची सेटिंग उघडून पाहा. तिथे एनपीटीपुढे शून्य असेल आणि कर्नल २०१७ नंतरच्या दुरुस्तीसहचे असेल, तर ती ओळ खोडून यंत्र पुन्हा सुरू करा.