नेमबाजीची तालीम आणि स्वसंरक्षण

राळेगणसिद्धी हें नांव पाणलोटाच्या कामांमुळें सर्वत्र परिचित झालें आहे. तें गांव ज्या पारनेर तालुक्यांत वसलें आहे, त्याच्या इतिहासांत नेमबाजीचीहि एक हकीकत आहे. पारनेर येथें १२ नोव्हेंबर १८८० रोजीं पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना सेनापति बापट म्हणून ओळखतो. नेम धरण्याची रीतसर तालीम या पारनेरकरास मिळाली, ती पारनेरास नव्हे, नगरासहि नव्हे, तर थेट स्कॉटलंडांत. असें कां व्हावें?

मराठेशाहींत घरीं हत्यार असणें ही नवलाची गोष्ट नव्हती. पाटलाच्या वाड्यांत ढालतलवार असे, क्वचित् ठासणीची बंदूक असे, आणि तीं वापरण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. १८५७ नंतर इंग्रज सरकारचा प्रजेवरील विश्वास उडाला. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र नियमांनीं सूट राहिली. हा कायदा सैल करावा, अशी मागणी राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत केली. प्रश्न केवळ अपमानाचा नव्हता. बंदूक सरकारजमा झाली कीं सरावहि संपतो. हत्यार एका दिवसांत परत देतां येतें. हातांतून गेलेली विद्या परत यावयास पिढी लागते.

१९०४ सालीं बापट मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरोस यंत्रविद्या शिकावयास गेले. अभ्यास चालू असतां तेथील रायफल क्लबांत त्यांनीं नेमबाजीचे धडे घेतले. जी गोष्ट त्यांना स्वतःच्या तालुक्यांत परवान्यावांचून करतां आली नसती, ती राज्यकर्त्यांच्या देशांत एका परक्या विद्यार्थ्यास सहज करतां आली! पुढें हिंदुस्थानांतील ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केल्यावरून त्यांची शिष्यवृत्ति गेली, हें प्रसिद्धच आहे.

तुटलेला धागा जोडण्याचे प्रयत्न मराठी माणसांनींच पुढें केले. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं १९३७ सालीं नाशकास भोसला मिलिटरी स्कूल काढलें. स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या नेमबाजींत सुवर्णपदक जिंकलें, तें या मार्गाचेंच फळ होय.

खेळाडूच्या पिस्तुलाची गोष्ट निराळी, आणि जीव वांचविण्यासाठीं घेतलेल्या रिव्हॉल्व्हरची निराळी, असें पुष्कळांस वाटतें. परंतु चांदमारीचे पहिले धडे दोघांसहि तेच. हातांत आलेलें हत्यार भरलेलेंच आहे असें समजावें. नळी निशाणाखेरीज कोठेंहि रोखूं नये. नेम धरून गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर नेऊं नये. मग माशी स्थिर धरणें आणि चाप न हिसकतां दाबणें. नळी एका अंशानें ढळली, तरी पंचवीस मीटरांवर गोळी सुमारें ४४ सेंटिमीटर बाजूस जाते. मैदानावर ती मातीच्या बांधांत रुतते. दिवाणखान्यांत वा रस्त्यांत बाजूस कोण उभें असेल, याचा भरंवसा कोणी द्यावा? भयानें हात कांपत असतां एक अंश म्हणजे कांहींच नव्हे.

१९५९ च्या कायद्यानें लिटनशाहीचा कायदा रद्द झाला. २०१६ च्या नियमांनीं परवाना मागणारासाठीं सुरक्षित हाताळणीचें शिक्षण घालून दिलें, आणि हत्यार घरांत कसें ठेवावें हेंहि त्यांत आलें. २०१९ च्या दुरुस्तीनें दोनांहून अधिक बंदुका बाळगण्यास सामान्य परवानेदारास मनाई केली, व लग्नांतील वा उत्सवांतील बेफिकीर गोळीबार शिक्षेस पात्र ठरविला. भारतीय न्याय संहितेंत स्वसंरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत सांगितला आहे. बचावास जरूर तेवढीच इजा करावी, आणि सरकारी अधिकाऱ्यांचें साहाय्य मिळविण्यास वेळ असेल तर तो हक्क उरत नाहीं, अशी त्यास मर्यादा आहे. ही मर्यादा ओळखण्यास प्रसंगीं क्षणाचाच अवधि मिळतो. ज्यानें हत्यार विकत घेतलें आणि कपाटांत ठेवलें, त्याचा हात त्या क्षणीं कायद्यापूर्वीं धांवतो.

पारनेरच्या त्या तरुणास तालमीसाठीं परदेश गांठावा लागला. आजच्या परवानेदारास ती सबब उरलेली नाहीं. परवाना हत्यार घरीं आणण्याची मोकळीक देतो. तें केव्हां उचलूं नये, हें शिकविण्याचें काम तालमीचें आहे.