शक्ती इलेक्ट्रॉनिकीतील प्रवर्तक

विद्युत् प्रवाहातील बदलास विरोध करणारा व चुंबकीय क्षेत्राच्या रूपात ऊर्जा साठविणारा विद्युत् मंडलातील घटक. सामान्यतः गाभ्यावर निरोधित तारेचे वेढे देऊन तो तयार करतात. त्याचा मूळ गुणधर्म प्रथम नजरेस आला, तो मात्र एका ठिणगीच्या रूपाने.

मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. लांब तारेचे मंडल खंडित करताना प्रखर ठिणगी पडते, हे अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. हाच स्वयंप्रवर्तनाचा शोध होय. प्रवर्तकतेच्या एककास १८९३ मध्ये हेन्री यांचे नाव देण्यात आले.

प्रवर्तकातील प्रवाह एकाएकी थांबू शकत नाही. तो तोडू गेल्यास वेटोळ्याच्या टोकांशी अतिशय उच्च दाब उत्पन्न होतो. मोटारगाडीच्या प्रज्वलन प्रणालीत या दाबाचा उपयोग झाला. अर्धसंवाहक स्विचास मात्र तो घातक ठरतो. म्हणून खंडित होणाऱ्या प्रवाहास डायोडातून पर्यायी मार्ग देतात. त्यामुळे ठिणगीत वाया जाणारी ऊर्जा धारित्रास व भारास मिळते.

उदा., १०० मायक्रोहेन्री प्रवर्तकावर १२ व्होल्ट दाब १० मायक्रोसेकंद लावल्यास प्रवाह शून्यापासून १.२ अँपिअरपर्यंत वाढतो व ७२ मायक्रोजूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा सेकंदास ५०,००० वेळा साठवून पूर्णपणे सोडल्यास ३.६ वॉट शक्तीचे वहन होते. कंप्रता जितकी जास्त, तितका प्रवर्तक लहान चालतो. परंतु लोखंडी गाभ्यात उच्च कंप्रतेस भोवरी प्रवाहांमुळे फार उष्णता निर्माण होते. ही अडचण उच्च विद्युत् रोध असलेल्या फेराइटांमुळे दूर झाली. नेदर्लंड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेत जे. एल. स्नूक यांनी त्यांवर पायाभूत संशोधन केले.

गाभा चुंबकीय दृष्ट्या संतृप्त झाल्यास प्रवर्तकता एकदम घटते, प्रवाह बेसुमार वाढतो व स्विच जळू शकतो. यासाठी गाभ्यात हवेची फट ठेवतात. बरीचशी ऊर्जा या फटीतच साठते.

मोठ्या प्रमाणावरही तत्त्व हेच आहे. १९९९ मध्ये कार्यान्वित झालेल्या चंद्रपूर–पडघे या १,५०० मेगावॉट क्षमतेच्या उच्च दाब एकदिश प्रवाह वाहिनीत प्रवाहातील चढउतार कमी करण्यासाठी व दोषाच्या वेळी त्याची वाढ मंदावण्यासाठी मोठे प्रवर्तक वापरलेले आहेत.