हाइन, लुइस
(२६ सप्टेंबर १८७४ – ३ नोव्हेंबर १९४०). अमेरिकन छायाचित्रकार. न्यूयॉर्कमधील एथिकल कल्चर शाळेत शिकवत असताना त्याने एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे घेतली. १९०८ पासून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी, काचकारखाने पालथे घातले. त्याचे सामर्थ्य छायाचित्रांइतकेच त्यांखालच्या नोंदींत आहे. मुलाचे वय, काम, मजुरी तो टिपून ठेवी. उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून ताडी आणि खिशातल्या खिशात टिपणे काढी. मालक आत सोडत नसत, तेव्हा बायबलविक्रेता बनून शिरे. अशा सोंगाड्याच्या पुराव्यावर विश्वास का ठेवावा, हा आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. पण स्थळ-काळासह केलेली नोंद कोणालाही पडताळून पाहता येते, आणि नुसत्या करुण चेहऱ्याला ती सोय नसते.

या छायाचित्रांनीच कायदा बदलला, असे सर्रास म्हटले जाते. ते अतिशयोक्त आहे. १९१६ चा बालमजुरीविरोधी केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्दबातल ठरवला. टिकाऊ निर्बंध १९३८ मध्ये आले. छायाचित्रांनी एवढे मात्र केले, की ‘आमच्याकडे लहान मुले नाहीत’ हा मालकांचा बचाव लंगडा पडला. एम्पायर स्टेट इमारतीच्या पोलादी सांगाड्यावरील कामगारांची त्याची छायाचित्रे (१९३०–३१) अधिक देखणी आहेत, पण तितकी बोचत नाहीत.