कचेरी एक, कोठारे अनेक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशातच राहिले आणि त्यांची राजधानी भोपाळला गेली. त्याच वर्षीच्या कायद्यान्वये १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. रेल्वेलगतच्या गोदामांसाठी २००७ साली त्याने निराळी कंपनी काढली. २०२१ साली केंद्र सरकारने तिच्या विलीनीकरणास संमती दिली. कचेरीचे भाडे, पगार इत्यादींत पाच कोटी रुपये वाचतील, असा अंदाज होता. ही बचत कचेऱ्यांची होती, हे ध्यानी घ्यावे. खुद्द कोठारे एकवटून दूर नेली, तर वाचलेले भाडे वाहतुकीत खर्ची पडते आणि स्वस्त धान्य दुकानापुढची रांग ताटकळते. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. शासन जवळ आले. धान्यही जवळच असावे.